गेटपर्यंत

“त्या बाईला मी उभ्या जन्मात पाहिलेलं नाही,” आई म्हणाली आणि ऑटोतून उतरून साडीच्या निऱ्या सारख्या करू लागली. “माझं नाव तिला कोणीतरी पढवलंय.”

“मग घाबरतेस कशाला?”

“घाबरत नाही गं. लाज वाटते. इतकी वर्षं मान ताठ ठेवून नोकरी केली आणि या वयात आरोपीसारखं उभं राहायचं.”

तिच्यापेक्षा मलाच जास्त संताप आला होता. नागपूरच्या शाळेतून रजा टाकून मी खास या सुनावणीसाठी आले होते. आईच्या बाजूने कोणीतरी बसलेलं दिसायला हवं, एवढ्याचसाठी.

माझी आई, सुमती गावंडे, आमच्या तालुक्यातली पहिली बाई गटशिक्षणाधिकारी. मी पहिलीत असताना बाबा गेले. त्यानंतर तिने परीक्षा दिल्या, पद मिळवलं आणि ते अशा रीतीने सांभाळलं की दिवाळीला कोणी मिठाईचा डबा आणून ठेवला तर शिपाई तो त्याच दिवशी परत पोचवून यायचा. रस्त्याने जाताना म्हातारे गुरुजीसुद्धा सायकलवरून उतरून नमस्कार करायचे. मला त्याची ऐट वाटायची. मी गावंडे मॅडमची मुलगी आहे, हे मी कुठेही, कोणी न विचारता सांगायची.

प्रकरण असं होतं. तालुक्यात मांडवखेडला एका संस्थेची अनुदानित शाळा आणि तिला जोडून मुलींचं वसतिगृह होतं. तिथला अधीक्षक, खोडके नावाचा माणूस, वर्षानुवर्षं लहान मुलींना नासवत आला होता. त्यातल्या काही जणी मोठ्या झाल्या, एकत्र आल्या, पोलिसात गेल्या. खोडके तुरुंगात गेला. पण शिक्षा सुनावताना कोर्टाने एक प्रश्न विचारला होता: हे इतकी वर्षं चाललं, तर ज्यांनी बघायचं ते अधिकारी काय करत होते? त्यांच्यातल्या कोणाला माहीत होतं? त्याचा छडा लावायला एका निवृत्त न्यायाधीशांची चौकशी समिती बसली होती. शाळा आणि वसतिगृह आईच्या अखत्यारीत होतं, म्हणून तिलाही नोटीस आली. तिने लेखी उत्तर दिलं होतं की तिच्याकडे कधीही, कोणतीही तक्रार आली नाही.

सुनावणी जिल्ह्याच्या ठिकाणी नियोजन भवनाच्या सभागृहात होती. आईचे वकील टोंगसे दारातच भेटले. गोल चेहऱ्याचा, बडीशेप चघळणारा माणूस.

“मॅडम, काही टेन्शन घेऊ नका,” ते म्हणाले. “कागद एकही नाही. एका अडाणी बाईचा शब्द आहे. पाच मिनिटांत उडवतो.”

आम्ही दुसऱ्या रांगेत बसलो. पलीकडच्या बाजूला त्या मुली होत्या. आता मुली नव्हत्या, बायका होत्या. एकीच्या मांडीवर बाळ होतं. मी त्यांच्याकडे कीव करत पाहिलं, खोटं कशाला बोलू, थोडं रागानेही पाहिलं. तुमच्यावर अन्याय झाला हे मान्य, पण म्हणून माझ्या आईला कशाला ओढता, असं माझ्या मनात होतं.

पुकारा झाला. “पंचफुला राऊत.”

एक वाळलेली, काळीसावळी बाई उठली. डोक्यावरचा पदर सावरत खुर्चीवर बसायला तयारच होईना. न्यायाधीश म्हणाले, “बसा बाई, बसून सांगा.” तेव्हा ती अर्ध्या खुर्चीवर टेकली.

मुलींच्या बाजूची वकील तरुण होती. तिने विचारलं, “तुमच्या मुलीचं नाव काय?”

“जयमाला.”

“काय घडलं ते तुमच्या शब्दांत सांगा.”

“दिवाळीच्या सुट्टीत पोट्टी घरी आली होती. सुट्टी सरली त जाचं नाव घेईना. मी मारलं बी तिले. मंग रातभर रडली अन् सांगतलं. थो मानूस खोलीत बोलावते, दार लावते म्हने.” तिने पदराने तोंड पुसलं. “मालक म्हने गप राय, इज्जत जाईन. पन मले कोनीतरी सांगतलं का शाळेची मोठी सायबीन बाई मानूस हाये. मी म्हनलं, बाई मानूस हाये त ऐकन. साहेब असता त मी गेली नसती जी. बाई हाये म्हून गेली.”

“कुठे गेलात? ऑफिसात?”

“नाई. हापिसात लोकं असते. घरी गेली. पोट्टीले घेऊन.”

“मॅडम भेटल्या?”

“भेटल्या. या बसल्या त्याच.” तिने आईकडे बोट केलं नाही, नुसती मान वळवली. “त्याईनं चहा देल्ला. समदं ऐकलं. मंग म्हने, पोलिसात गेली त पोरीचं नाव पेपरात येईन, लगन होनार नाई. तू बस धरून घरी जाय. मी सोता तिले सोडून देतो अन् सोता त्या मानसाले पाह्यतो. मी पाया पडली बाईच्या. अन् पोट्टी त्याईच्या घरी सोडून बसमंधी बसली.” तिने दोन्ही हात पुढे केले. “मीच देली जी तिले. मायच्या हातानं देली.”

आईने माझ्या हातावर हात ठेवला. तिचा हात कोरडा होता आणि गार.

टोंगसे उठले. “बाई, मॅडमच्या घरी गेलात म्हणता. घरात आणखी कोण होतं?”

“एक पोट्टी होती. जयमालाच्या उमरीची. चष्मा होता तिले.”

“चष्मा! वा.” टोंगसेंनी हसून सभागृहाकडे पाहिलं. “साहेब, मॅडमची मुलगी इथेच बसली आहे, चष्मा लावून. बाईंनी आज बाहेर पाहिलं असेल.”

काही लोक हसले. पंचफुलाने माझ्याकडे पाहिलं. मला वाटतं, तोपर्यंत मी कोण हे तिला ठाऊकच नव्हतं.

“मले का माहीत हे कोन हाये,” ती म्हणाली. “थ्या पोट्टीनं जयमालाची वेनी घालून देली होती. आपल्या रिबिनी बांधल्या होत्या तिले. हिरव्या. मी म्हनलं, पाय वो, मोठ्याच्या घरची लेकरं बी कशी मायेची असते.”

आणि मला आठवलं.

ते मी कधी विसरलेच नव्हते, फक्त ते काय होतं हे मला तोवर कळलेलं नव्हतं. लहानपणी आईच्या सरकारी जीपमधून केलेली एक सफर मला फार लाडकी होती. आई ऑफिसच्या जीपमध्ये मला कधी बसू द्यायची नाही, सरकारी गाडी आपली नसते म्हणायची. पण एकदा तिने स्वतःहून मला बसवलं होतं. सोबत एक मुलगी होती, गप्प, माझ्याच वयाची. रस्त्याला दोन्हीकडे कापूस फुटला होता. मी खिडकीतून हात काढून ओरडत होते. चालक हिवराळे काकांनी मला हॉर्न वाजवू दिला होता. पुढे कॉलेजातल्या मैत्रिणींना मी ही सफर किती वेळा रंगवून सांगितली असेल. त्या मुलीचं नाव मला माहीत नव्हतं. तिच्या केसांना मी सकाळी माझ्या हिरव्या रिबिनी बांधल्या होत्या, एवढं मात्र आठवत होतं.

आईचा हात माझ्या हातावर होता. मी तो काढला नाही.

जेवणाची सुट्टी झाली. आवारात कडुनिंबाखाली सिमेंटचे बाक होते. आई डबा उघडत होती तेवढ्यात टोंगसे आले.

“ताई, एक काम करा,” ते मला म्हणाले. “त्या बाईने तुमचा विषय काढलाच आहे, तर दुपारी तुम्हीच उभ्या राहा. दोन वाक्यं. असं कोणी घरी आलं नव्हतं, मला आठवत नाही. संपला विषय. तो चालकही आता हयात नाही.”

“ती उभी राहील,” आई म्हणाली.

टोंगसे गेले. आईने पोळीत भाजी गुंडाळून माझ्यापुढे धरली. मी घेतली नाही.

“आई, ती आली होती.”

“तू लहान होतीस.”

“बारा वर्षांची होते. माझ्या वर्गात बारा वर्षांच्या मुली असतात, त्यांना सगळं आठवतं. ती आली होती ना?”

आईने आजूबाजूला पाहिलं. मग डब्याचं झाकण लावायला घेतलं, ते लागेना. “आली होती.”

“मग?”

“मग काय? मी संस्थेच्या अध्यक्षांना फोन केला. त्याच दिवशी केला. म्हटलं, या माणसाला हलवा. ते म्हणाले, मॅडम, आपल्यातच राहू द्या, मी बघतो. ते मोठं प्रस्थ होतं, कल्याणी. मंत्र्यांच्या मांडीला मांडी लावून बसायचे. माझ्या आधीच्या साहेबाची त्यांनी आठ दिवसांत उचलबांगडी केली होती. मला वाटलं, ते बघतील.”

“त्यांनी हलवलं त्याला?”

“नाही.”

“तुला कधी कळलं?”

आई पुन्हा झाकण दाबू लागली.

“दरवर्षी तपासणीला जायचीस ना तू तिथे?”

“जायचे.”

“खोडके दिसायचा?”

“तोच चहा आणायचा.”

“आणि ती मुलगी?”

“दिसायची रांगेत.” आई डब्याकडे बघत होती. “मी त्या रांगेकडे बघत नसे. कोठीघर बघायचे, संडास बघायचे, पाण्याची टाकी बघायचे. शेरे लिहायचे. नंतर ती पळून गेली असं कानावर आलं. मला सुटल्यासारखं वाटलं.”

पलीकडे, जरा लांब, पंचफुला आणि त्या बायका जमिनीवर बसून भाकरी खात होत्या. त्यांच्यात जयमाला कुठली, ते मला ओळखू येत नव्हतं. मी ओळखायचा प्रयत्न करत होते आणि कोणाच्या डोळ्याला डोळा भिडू नये म्हणून लगेच मानही वळवत होते.

“आई, मला का नेलंस जीपमध्ये?”

“म्हणजे?”

“तू मला कधीच नेत नव्हतीस. त्या दिवशीच का?”

ती डोळे खाली ठेवूनच म्हणाली, “ती जीपमध्ये चढेना. दाराला धरून बसली. तू वेणी घातल्यापासून तुझ्याजवळ मात्र जात होती. म्हटलं, तू असलीस तर येईल.”

“आणि तिथे?”

“तिथेही उतरेना. तुला आठवत नाही?”

“नाही.”

“मी तुला म्हटलं, तू आधी उतर, तिचा हात धर. तू उतरलीस. म्हणालीस, चल ना गं, मी येते ना तुझ्यासोबत. तिला गेटपर्यंत तूच नेलंस. आतून खोडके आला आणि...”

आईने मला कधी खोटं बोलायला शिकवलं नव्हतं. कोणाच्या पेन्सिलीला हात लावला तरी परत देऊन यायला लावायची. तिने माझा हात उसना घेतला होता, आणि मला ते सांगितलंही नव्हतं. बारा वर्षांची मी त्या पोरीला ‘मी येते ना’ म्हणाले होते आणि परत येताना हॉर्न वाजवला होता.

“दुपारी मी खोटं बोलू शकणार नाही,” मी म्हटलं.

“तुला ठाऊक आहे याचा अर्थ काय होईल?”

“हो.”

“पेन्शन जाईल. लोक तोंडावर थुंकतील. तुझ्याही.”

“हो, आई.”

तिने डबा पिशवीत ठेवला. मला विनवलं नाही, रागावलीही नाही. “चष्मा पुस,” एवढंच म्हणाली. “काही दिसत नसेल तुला.”

सुट्टीनंतर टोंगसेंनी माझं नाव पुकारायला लावलं. पलीकडची वकील लगेच उठली. “साहेब, या सकाळपासून इथेच बसून ऐकत आहेत. यांची साक्ष कशी घेता येईल?”

“हा खटला नाही, चौकशी आहे,” न्यायाधीश म्हणाले. “बोलू द्या.”

टोंगसेंनी विचारलं, “कल्याणीताई, पंचफुला राऊत नावाची बाई आपल्या मुलीला घेऊन तुमच्या घरी कधी आली होती का?”

“हो,” मी म्हटलं.

त्यांना नीट ऐकू आलं नसावं. “म्हणजे, आली नव्हती.”

“आली होती. मी त्या मुलीची वेणी घातली. रिबिनी माझ्या होत्या, हिरव्या. मग आईच्या ऑफिसच्या जीपमधून आम्ही तिला मांडवखेडला नेलं. आई होती, मी होते, हिवराळे काका होते. ती उतरत नव्हती. मी तिचा हात धरून तिला गेटपर्यंत नेलं.”

टोंगसे खाली बसले. कोणीच काही विचारेना, म्हणून मी तशीच उभी राहिले. मागच्या रांगेतून एकदम एक हुंदका आला. तो पंचफुलाचा होता. पोरगी परत कशी गेली, हे त्या माउलीला इतक्या वर्षांत पहिल्यांदा कळत होतं.

न्यायाधीशांनी आईकडे पाहिलं. “गावंडे मॅडम, यावर तुम्हाला काही म्हणायचं आहे? वकिलांशी बोलून घ्यायचं असेल तर वेळ देतो.”

आई उठली. टोंगसेंनी तिचा पदर ओढल्यासारखं केलं, ती थांबली नाही.

“वेळ नको,” ती म्हणाली. “माझी मुलगी खोटं बोलत नाही.”

मग तिने सगळं सांगितलं. अध्यक्षांना केलेला फोन, नंतरच्या तपासण्या, रांगेकडे न बघणं. वर्गात धडा शिकवावा तशा संथ आवाजात सांगितलं. एकदाही रडली नाही. अध्यक्षांचं प्रस्थ किती होतं, त्यांनी कोणाची बदली केली, हे मला सांगितलेलं कारण मात्र तिने तिथे सांगितलं नाही. न्यायाधीशांनी विचारलं, “तुमच्यावर कोणाचा दबाव होता का?” तर म्हणाली, “दबाव यायच्या आधीच मी गप्प बसले.”

सुनावणी संपल्यावर मी जिन्यात उभी राहिले. बायका उतरत होत्या. बाळ कडेवर घेतलेली एक जण माझ्यासमोर थांबली. मला वाटलं होतं ती वेगळी असेल, तिच्या चेहऱ्यावर काहीतरी दिसेल. साधी बाई होती. कपाळाला टिकली, हातात हिरव्या बांगड्या.

“मी जयमाला,” ती म्हणाली.

मी काय बोलले ते मला नीट आठवत नाही. माफ कर म्हणाले असेन. मला माहीत नव्हतं म्हणाले असेन. तुझ्या घरी येऊन आईची, बाबांची क्षमा मागते, असंही म्हणाले, ते आठवतं, कारण त्यावर तिने मान हलवली.

“तुमी बोलल्या, थे बरं केलं,” ती म्हणाली. “मायी माय इतके साल सोताले खात होती. आता तिले समजलं का तिनं एकटीनं नाई सोडलं मले. पन घरी येऊ नका. तुमाले माहीत नव्हतं, मले समजते. तरी बी तुमाले पायलं का मले थे गेट दिसते.”

बाळ रडायला लागलं. तिने त्याला दुसऱ्या कडेवर घेतलं आणि ती उतरून गेली.

समितीचा अहवाल पुढच्या वर्षी आला. तीन अधिकाऱ्यांवर ठपका होता, त्यात आईचं नाव पहिलं. बाकी दोघे हायकोर्टात गेले, तारखा घेत राहिले. आई गेली नाही. तिचं निवृत्तीवेतन कापलं गेलं. तालुक्याच्या ठिकाणी तिला मिळालेला आदर्श अधिकाऱ्याचा पुरस्कार पंचायत समितीने परत मागितला, तो तिने स्वतः नेऊन दिला. अध्यक्ष तर केव्हाच वारले होते, त्यांचं नाव अजून शाळेच्या कमानीवर आहे. एका पेपराने माझा फोटो छापून खाली ‘धाडसी कन्या’ लिहिलं. तो पेपर आमच्या शाळेत सूचनाफलकावर लावला होता. मी तो काढून टाकायला सांगितला. का, ते मुख्याध्यापिकेला सांगता आलं नाही. मी जयमालाच्या घरी गेले नाही, तिने सांगितलं ते पाळलं.

पण हे सगळं नंतरचं. त्या संध्याकाळी आम्ही दोघी बसस्टँडवर गाडीची वाट बघत बसलो होतो. आईच्या ओळखीचे एक निवृत्त केंद्रप्रमुख समोरून गेले. त्यांनी पाहिलं आणि न पाहिल्यासारखं केलं. आईने त्यांच्यासाठी जोडायला उचललेले हात मांडीवर ठेवले.

“काय म्हणाली ती तुला?” तिने विचारलं.

मी सांगितलं. गेटचंही सांगितलं.

आईने समोरच्या फलाटाकडे पाहिलं. मग म्हणाली, “एक गोष्ट मी आत नाही सांगितली. कोणी विचारली नाही.”

“काय?”

“आपण परत आलो. तुला भूक लागली होती, मी पोहे केले. तू हॉर्नच्या गप्पा मारत होतीस. मग आपण झोपलो.” तिने माझ्याकडे पाहिलं. “मला झोप लागली, कल्याणी. चांगली गाढ झोप लागली होती त्या दिवशी.”

गाडी लागली. लोक खिडक्यांतून रुमाल टाकून जागा धरू लागले. आई उठली, तिने पिशवी उचलली आणि माझ्यासाठी थांबली. मला तिचा हात धरायचा होता. मी तिच्या मागून चढले.